घटक बरोबर, तरी गतिज ऊर्जा चुकते? घोळ इथे शोधा

अकरावीच्या मुलांपासून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांची तक्रार एकच: "वेगाचे घटक दिले होते, सूत्रात घातले, आणि उत्तर पर्यायांत नाहीच." याहून वाईट म्हणजे उत्तर पर्यायांत असतं, पण ते चुकीचं असतं. पेपर काढणाऱ्याला या चुका तोंडपाठ असतात आणि चुकीचे पर्याय तो त्यांच्यातूनच बनवतो. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी चुकीचं उत्तर बघायचं आणि त्यावरून पाणी कुठे मुरतंय ते ओळखायचं.

एक उदाहरण हाताशी ठेवा. वस्तुमान २ किग्रॅ. वेगाचे घटक: एक्स दिशेला ३ मी/से, वाय दिशेला −४ मी/से, झेड दिशेला १२ मी/से. वस्तुमान मुद्दाम २ घेतलंय. गतिज ऊर्जा म्हणजे ½ × वस्तुमान × चालीचा वर्ग, आणि चालीचा वर्ग म्हणजे घटकांच्या वर्गांची बेरीज. इथे ½ × २ = १ होतं आणि वर्गांची बेरीज हीच ज्यूलमधली गतिज ऊर्जा ठरते, त्यामुळे नजर घटकांवरच राहते.

बरोबर उत्तर: ९ + १६ + १४४ = १६९ ज्यूल. चाल १३ मी/से.

आता तुमच्या वहीत काय आलंय ते बघा.

१२१ आलं असेल, तर तुम्ही घटकांची आधी बेरीज केली (३ − ४ + १२ = ११) आणि मग वर्ग केला. ३६१ आलं असेल, तर तेच केलं, फक्त वजा चिन्ह सोडून दिलं (१९ चा वर्ग). १३ आलं असेल, तर वर्गमूळ काढून चाल मिळवली आणि सूत्रात घालताना तिचा पुन्हा वर्ग करायचा राहिला. १३७ आलं असेल, तर दोष कंसाचा आहे. बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −४ टाकून लगेच वर्गाचं बटण दाबलं की −१६ मिळतं, कारण यंत्र आधी ४ चा वर्ग करतं आणि वजा नंतर लावतं. पायथॉनमध्ये −४ चा दुसरा घात बिनकंसाचा लिहिला तर तिथेही −१६ येतं. एक्सेलमध्ये मात्र बरोबरच्या चिन्हापाठोपाठ तेच टंकलं की १६ येतं. एकाच ओळीची दोन यंत्रांवर दोन उत्तरं! वजा घटक कंसात टाकायची सवय लावून घ्या, म्हणजे कुठलंही यंत्र असलं तरी प्रश्न उरत नाही.

आणि ३३८ आलं असेल तर ½ विसरलात. ही विसरभोळी मंडळी निदान मोठ्या माणसांच्या पंगतीत आहेत. जर्मन गणिती लाइब्निट्सने १६८६ मध्ये जी राशी पुढे आणली ती वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग अशीच होती, अर्ध्याशिवाय. नेदरलँड्समधल्या लायडनच्या स्ख्राव्हेसांड या शास्त्रज्ञाने पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून दाखवलं की चाल दुप्पट झाली की खड्डा चौपट होतो, आणि फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात तो प्रयोग वर्गाच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला. त्यात वर्ग होता, अर्धा नव्हता. अर्धा आला फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसच्या १८२९ च्या पुस्तकातून, कारण त्याला ही राशी बलाने केलेल्या कार्याइतकी भरायला हवी होती. म्हणजे ½ हा कार्य-ऊर्जेच्या हिशोबाचा भाग आहे. तो गाळलात तर पुढे स्थितिज ऊर्जेशी ताळा कधीच जमणार नाही.

वर्गमूळाबद्दल एक बारीक गोष्ट. ते काढूच नका. घटक २ आणि ३ असतील तर वर्गांची बेरीज १३. त्याचं मूळ ३.६ म्हणून लिहिलं आणि पुन्हा वर्ग केला की १२.९६ मिळतं. जेईईच्या संख्यात्मक प्रश्नात एवढ्यावरूनही उत्तर जाऊ शकतं. सूत्राला चालीचा वर्ग हवा आहे आणि तो तुमच्यासमोर तयार आहे. मूळ काढून परत वर्ग करण्यात फक्त राउंडिंगची चूक पदरात पडते.

आधी बेरीज का चालत नाही?

"सूत्रच तसं आहे" एवढ्यावर समाधान मानलं तर पुढे घसरत्या ठोकळ्याच्या गणितात हमखास अडायला होतं. म्हणून हे एकदा नीट बघू.

गतिज ऊर्जेत येणारा चालीचा वर्ग म्हणजे वेग सदिशाचा स्वतःशीच केलेला अदिश गुणाकार. तीन घटकांचा सदिश स्वतःशी गुणला की नऊ पदं पडतात. त्यांतली तीन वर्गांची: ९, १६, १४४. उरलेल्या सहा पदांत एका अक्षाचा घटक दुसऱ्या अक्षाच्या घटकाशी गुणलेला असतो, आणि त्या प्रत्येकाला त्या दोन अक्षांमधल्या कोनाची कोसाइन चिकटलेली असते. अक्ष एकमेकांना लंब असल्यामुळे ती कोसाइन शून्य, म्हणून सहाही पदं गळतात.

आधी बेरीज करून वर्ग केला की ती सहा पदं मागच्या दाराने आत येतात. हिशोब करून बघा: २ × [(३ × −४) + (−४ × १२) + (३ × १२)] = २ × (−१२ − ४८ + ३६) = −४८. आणि १६९ − ४८ = १२१. चुकीचं उत्तर नेमकं तेवढ्यानेच चुकलं आहे. या सहा पदांना मी खाली 'मिश्र पदं' म्हणतो. ती काटकोनामुळे गळतात, आणि काटकोन नसेल तर गळत नाहीत. पुढचे बहुतेक घोळ या एका वाक्यात आहेत.

"गतिज ऊर्जेचा एक्स घटक काढा"

असा प्रश्न कुणी विचारला तर प्रश्नच दुरुस्त करायला हवा. गतिज ऊर्जा अदिश आहे, तिला दिशा नाही, त्यामुळे उत्तरापुढे एकक सदिश लावून ९, १६, १४४ असे तीन घटक लिहिले तर ते उत्तर चूक. हां, ½ × वस्तुमान × (एक्स घटकाचा वर्ग) हे पद वेगळं काढून वापरायला काहीच हरकत नाही. वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतात आपण सर्रास तसं करतो. फक्त ही वाटणी तुमच्या अक्षांची आहे, वस्तूची नाही. २ किग्रॅच्या वस्तूचे घटक ३ आणि ४ असतील तर वाटणी ९ आणि १६. तेच अक्ष फिरवून एक अक्ष गतीच्या दिशेला लावला की वाटणी २५ आणि ०. बेरीज दोन्हीकडे २५.

या वाटणीचा खरा उपयोग प्रक्षेप्य गतीत होतो, आणि नेमकं तिथेच मुलं फसतात. १६० ग्रॅमचा चेंडू ३० मी/से चालीने, क्षितिजाशी ६०° कोनात फेकला. सुरुवातीची गतिज ऊर्जा ½ × ०.१६ × ९०० = ७२ ज्यूल. सर्वोच्च बिंदूला किती?

"शून्य" लिहिणारे पुष्कळ. वर जाऊन चेंडू क्षणभर थांबतो हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की तो पुढे सरकतोच आहे हे दिसत नाही. थांबतो तो फक्त उभा घटक. आडवा घटक ३० × ½ = १५ मी/से, तो संपूर्ण प्रवासात तसाच राहतो (हवेचा रोध सोडला तर). म्हणून ½ × ०.१६ × २२५ = १८ ज्यूल. ३६ आलं असेल तर ७२ ला कोसाइनने एकदाच गुणलंत. चालीचा वर्ग आहे, तेव्हा कोसाइनचाही वर्ग, म्हणजे ¼.

ताळा: ७२ − १८ = ५४ ज्यूल कमी झाले. उभा घटक सुमारे २५.९८ मी/से, त्यावरून उंची ६७५ ÷ १९.६ = ३४.४ मीटर. ०.१६ × ९.८ × ३४.४ बरोबर ५४ च्या घरात. जुळलं.

घटक वेगाचेच आहेत ना?

कधी कधी प्रश्नात वेग दिलेलाच नसतो, स्थान दिलेलं असतं. एक्स = ३ × (वेळेचा वर्ग), वाय = ५ × वेळ, वस्तुमान २ किग्रॅ, २ सेकंदांनी गतिज ऊर्जा किती? आधी अवकलन: एक्स घटक ६ × वेळ = १२, वाय घटक ५. वर्गांची बेरीज १४४ + २५ = १६९. (हो, पुन्हा १६९. सवयीने तसे आकडे घेतले.) ६१ आलं असेल तर तुम्ही अंतराला वेळेने भागलंत, १२ ÷ २ = ६ आणि १० ÷ २ = ५, म्हणजे सरासरी वेग वापरलात. गतिज ऊर्जा त्या क्षणाची हवी असेल तर वेगही त्या क्षणाचाच लागतो. अवकलन आधी, वेळेची किंमत नंतर.

एककांवर फार बोलत नाही. क्रिकेटचा चेंडू नियमाप्रमाणे साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. १६० ग्रॅम धरा आणि वेगवान गोलंदाजाची चाल ताशी १४४ किमी, म्हणजे ४० मी/से. ऊर्जा १२८ ज्यूल. किमी तसेच ठेवले तर १६५८.८८ येतं. उत्तर साधारण तेरापट फुगलेलं दिसलं की चाल बदलायची राहिली (३.६ चा वर्ग १२.९६), हजारपट फुगलेलं दिसलं की ग्रॅम राहिले.

ध्रुवीय सहनिर्देशक

त्रिज्या २ मीटर, ती सेकंदाला ३ मीटरने वाढतेय, आणि कोन सेकंदाला २ रेडियनने बदलतोय. वर्गांची बेरीज ३² + २² = १३ केलीत? मग मीटरच्या वर्गात रेडियनचा वर्ग मिसळलात. कोन बदलण्याचा दर हा वेगाचा घटक नाही. त्याला त्रिज्येने गुणलं की त्रिज्येला लंब दिशेचा घटक मिळतो: २ × २ = ४ मी/से. आता ९ + १६ = २५. दोन्ही दिशा लंब आहेत, म्हणून इथेही मिश्र पद नाही.

शंका आली तर सरळ रेषेवर एकसमान वेगाने जाणारा कण घ्या आणि त्याची गतिज ऊर्जा ध्रुवीय पद्धतीने लिहा. तो आरंभबिंदूच्या सगळ्यात जवळ असतो त्या क्षणी त्रिज्या ना वाढत असते ना कमी होत असते, पहिलं पद शून्य. सगळी ऊर्जा कोनाच्या पदात. तिथे त्रिज्या गाळली असेल तर कणाची ऊर्जा जवळ येताना उगाच बदलताना दिसेल, आणि त्याच्यावर तर कुठलंही बल नाही. प्रश्नात फेरे प्रति मिनिट दिले असतील तर २π ने गुणून ६० ने भागायला विसरू नका.

सरकत्या पाचरीवरचा ठोकळा

हा खरा डोकेदुखीचा प्रकार. जेईई ॲडव्हान्स्डची तयारी करणारे आणि बीएस्सीला लग्रांजच्या पद्धतीने गणितं सोडवणारे, दोघेही इथे अडतात. थोडं सावकाश घेऊ.

गुळगुळीत जमिनीवर १ किग्रॅची पाचर, तिच्या ६०° उतारावर १ किग्रॅचा ठोकळा. घर्षण कुठेच नाही. दोन्ही सुरुवातीला स्थिर. सोडल्यावर ठोकळा उतारावरून खाली घसरतो आणि पाचर मागे सरकते. एका क्षणी ठोकळ्याची पाचरीसापेक्ष चाल ४ मी/से आहे आणि पाचर १ मी/से ने मागे जातेय. एकूण गतिज ऊर्जा किती?

झटपट उत्तर असं येतं: ठोकळ्याला दोन वेग आहेत, ४ आणि १, म्हणून ½ × १ × (१६ + १) = ८.५ ज्यूल. पाचरीचे ०.५. एकूण ९.

आता घटक पाडून बघा. उतारावरच्या ४ मी/से चा आडवा भाग ४ × ½ = २, उभा भाग ४ × ०.८६६ = ३.४६. पाचर १ ने मागे जातेय, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला ठोकळ्याचा आडवा घटक २ − १ = १ आणि उभा ३.४६ दिसतो. वर्गांची बेरीज १ + १२ = १३. ठोकळ्याची ऊर्जा ६.५ ज्यूल, पाचरीची ०.५, एकूण ७. आकडे मनाचे नाहीत, हेही इथेच कळतं: आडव्या दिशेला बाहेरचं बल नाही, त्यामुळे एकूण आडवा संवेग शून्यच राहायला हवा. ठोकळा पुढे १ × १, पाचर मागे १ × १. बरोबर.

मग ९ आणि ७ मधले दोन ज्यूल कुठून आले? ठोकळा जेवढा खाली उतरला तेवढीच ऊर्जा वाटून घ्यायची आहे. ७ ज्यूल मिळायला १ किग्रॅचा ठोकळा ७ ÷ ९.८, म्हणजे सुमारे ७१ सेंटीमीटर खाली यावा लागतो, आणि तो तेवढाच आला आहे. जास्तीचे दोन ज्यूल हवेतून आले.

कारण आधीच पाहिलेलं: ४ आणि १ हे घटक लंब नाहीत. ठोकळा उतारावरून पुढे-खाली जातो, पाचर मागे जाते. या दोन दिशांमधला कोन १२०°, त्याची कोसाइन −½. मिश्र पद २ × ४ × १ × (−½) = −४. आणि १६ + १ − ४ = १३. पद गाळण्याचा हक्क फक्त काटकोन असल्यावर मिळतो.

हे पद बरोबर लिहिलंय का हे पाहायला टोकाचे कोन घालून बघतो. उतार सपाट (०°) धरला तर ठोकळा जमिनीवरून ४ − १ = ३ ने जायला हवा: १६ + १ − ८ = ९. बरोबर. उतार उभा (९०°) धरला तर दोन्ही वेग लंब: १६ + १ = १७, मिश्र पद आपोआप शून्य. चिन्ह उलटं लिहिलेलं असेल तर ते सपाट उतारावर लगेच उघडं पडतं, कारण ९ च्या जागी २५ दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण मुलं हे करत नाहीत आणि मग पुढचं पानभर अवकलन वाया जातं.

दुहेरी लंबकात (एका लंबकाच्या टोकाला टांगलेला दुसरा लंबक) खालच्या गोळ्याच्या ऊर्जेत दोन कोनांच्या फरकाची कोसाइन येते, ती हेच पद. पाठ करू नका. दोन्ही दांड्या एका रेषेत आणि एकाच कोनीय वेगाने फिरताहेत असं धरा. तेव्हा खालच्या गोळ्याची चाल दोन्ही लांब्यांची बेरीज गुणिले कोनीय वेग एवढी असलीच पाहिजे. तुमच्या सूत्रातून ती येत नसेल तर ते पद गळलंय किंवा त्यातला २ गळलाय.

कुणी मोजलेला वेग?

ताशी ७२ किमीने, म्हणजे २० मी/से ने, धावणाऱ्या लोकलच्या डब्यात तुम्ही १६० ग्रॅमचा चेंडू १० मी/से ने पुढच्या दिशेला फेकलात. डब्यात बसलेल्याच्या हिशोबाने चेंडूला ८ ज्यूल मिळाले. फलाटावरून बघणाऱ्याच्या हिशोबाने चाल २० वरून ३० झाली, ऊर्जा ३२ वरून ७२, म्हणजे ४० ज्यूल मिळाले. दोघंही बरोबर आहेत. गतिज ऊर्जा संदर्भ चौकटीवर अवलंबून असते. फलाटाच्या हिशोबातले जास्तीचे ३२ ज्यूल (४० − ८) म्हणजे मिश्र पदच: ०.१६ × २० × १०. फेकताना तुमच्या पायांनी डब्याला मागे रेटलं, आणि फलाटाच्या हिशोबात ते ३२ ज्यूल गाडीने पुरवले. तोच चेंडू आडवा, खिडकीच्या दिशेला फेकला तर वेग लंब, मिश्र पद शून्य, आणि दोघांच्याही हिशोबात वाढ ८ ज्यूल.

गणितात चूक होते ती वेगळीच: एक घटक जमिनीसापेक्ष आणि दुसरा गाडीसापेक्ष, आणि दोन्ही एकाच कंसात. नदीतल्या होडीच्या गणितात तर हे फारच होतं. होडीचा पाण्यासापेक्ष वेग आणि प्रवाहाचा वेग आधी घटक-घटक मिळवा, वर्ग त्यानंतर. एका अक्षावरचे दोन वेग आधी बेरजेत येतात, वेगवेगळ्या लंब अक्षांवरचे आधी वर्गात जातात. "आधी बेरीज करायची नाही" हे ज्यांनी घोकलेलं असतं ते नेमके इथे चुकतात.

अनेक कण असतील तर

एक शेवटचा प्रकार, छोटा पण फसवा. १ किग्रॅचे दोन गोळे, एकाचे घटक ३ आणि ४, दुसऱ्याचे −३ आणि −४. संवेगाच्या सवयीने लोक घटकांची बेरीज करतात, शून्य मिळतं, आणि गतिज ऊर्जाही शून्य लिहून मोकळे होतात. प्रत्येकाची १२.५, एकूण २५ ज्यूल. घटक मिळवून वस्तुमानकेंद्राचा वेग कळतो, त्यावरून निघणारी ऊर्जा हा एकूण ऊर्जेचा फक्त एक भाग. केंद्रासापेक्ष हालचालीची ऊर्जा वेगळी काढून त्यात मिळवावी लागते. १७५१ साली योहान सॅम्युएल क्योनिगने मांडलेलं प्रमेय हेच सांगतं, आणि मिश्र पदं इथे का उरत नाहीत तेही त्यातच आहे: केंद्रासापेक्ष एकूण संवेग नेहमी शून्य असतो. हीच गोष्ट घसरल्याशिवाय घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला लावा. केंद्राच्या वेगावरून फक्त ½ × वस्तुमान × चालीचा वर्ग मिळतो, फिरण्याचा भाग मिळवल्यावर ते ७/१० होतं. उताराच्या तळाशी गोळ्याची ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या ५/७ एवढीच भरत असेल, तर राहिलेले २/७ तिथे आहेत.